‘अझ्दा’चा अर्थ आणि अभिजात भाषांची कुंपणे

बायबलच्या जुन्या करारातले दानीएलचे पुस्तक मध्येच भाषा बदलते. सुरुवात हिब्रूत आहे. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात खास्दी, म्हणजे बाबेलचे, ज्ञानी राजाशी अरामी भाषेत बोलू लागतात, आणि तिथून मजकूरही अरामी होतो तो थेट सातव्या अध्यायाच्या शेवटापर्यंत. प्रसंग असा आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला स्वप्न पडले आहे आणि त्याची झोप उडाली आहे. दरबारातले ज्योतिषी, मांत्रिक, खास्दी सगळे हजर आहेत. ते म्हणतात, महाराज, स्वप्न सांगा म्हणजे आम्ही अर्थ सांगतो. त्यावर राजाचे उत्तर तीन शब्दांत सुरू होते: ‘मिल्लता मिन्नी अझ्दा’. मिल्लता म्हणजे शब्द किंवा गोष्ट. मिन्नी म्हणजे माझ्याकडून. पुढे धमकी येते की स्वप्न आणि अर्थ दोन्ही सांगितले नाहीत, तर तुमचे तुकडे केले जातील आणि तुमच्या घरांचे उकिरडे होतील.

राहिला ‘अझ्दा’. तीन वचनांनंतर, आठव्या वचनात, तो पुन्हा एकदा येतो. सगळ्या बायबलमध्ये त्यानंतर कुठेच नाही.

दोनच वेळा आलेल्या शब्दाचा अर्थ लावणे अवघड असते. पण इथे अडचण अशी झाली की अर्थ फार सहज सापडला. अरामीत ‘अझल’ म्हणजे जाणे. बाबिलोनी तल्मूदात, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या चर्चाग्रंथात, तर ‘अझ्दा’ हे रूप जाण्याच्याच अर्थाने येते. अमुक गुरू आपल्याच मताला धरून जातो, हे सांगताना ते वाक्यप्रचारासारखे वापरलेले असते. तल्मूद ज्याला पाठ आहे त्याच्या कानाला या शब्दात काहीच खटकणार नाही. ‘गोष्ट माझ्याकडून गेली’, म्हणजे मी स्वप्न विसरलो. ग्रीक भाषांतरात थिओडोशनने तेच लिहिले, जेरोमने लॅटिनमध्ये तेच लिहिले, आणि १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीने इंग्रजीत तेच लिहिले. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफसही हीच गोष्ट सांगताना राजा स्वप्न विसरला होता असे म्हणतो. विसरभोळा नबुखद्नेस्सर जगभरच्या प्रवचनांतून अशा रीतीने शेकडो वर्षे फिरला.

ही सगळी थोर माणसे होती आणि त्यांची अरामी चांगली होती. त्यांची अडचण वेगळी होती. शब्द अरामी मजकुरात आहे म्हणजे तो अरामी असणार, हे त्यांनी गृहीत धरले. तो अरामी नव्हता. तो इराणी होता, आणि त्याचा सख्खा भाऊ आपल्या ऋग्वेदात बसला होता.

किल्ली सापडली ती इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर. सम्राट दारियसने इ.स.पू. ५२० च्या सुमारास तिथे तीन भाषांत आपली हकीकत कोरून घेतली. आधीचा सम्राट कंबुजिया याने आपला भाऊ बर्दिया याला गुपचूप मारले, हे सांगताना जुन्या पर्शियनमध्ये तो म्हणतो: ‘कारह्या नैय् अझ्दा अबव’. लोकांना ते अझ्दा झाले नाही, म्हणजे कळले नाही, जाहीर झाले नाही. ‘अबव’मध्ये ‘अभवत्’ ऐकू येते. नक्श-ए-रुस्तम इथल्या त्याच्या थडग्यावरही हा शब्द आहे. तिथे तो म्हणतो, मग तुला अझ्दा होईल की पर्शियन माणसाचा भाला किती दूर गेला आहे. आणि मूळ शब्द आहेत ‘दूरइ अर्श्तिश परागमता’. ते संस्कृतात ‘दूरे ऋष्टिः परागता’ असे ठेवले, तर जेमतेम संस्कृत येणाऱ्यालाही समजतील.

जुन्या पर्शियनमधला अझ्दा म्हणजे संस्कृतातला ‘अद्धा’. ध्वनींचे नाते नियमित आहे. आपली ‘श्रद्धा’ अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या इराणी भाषेत, ‘झ्रझ्दा’ या रूपात दिसते. तसाच इकडचा ‘अद्धा’ तिकडे ‘अझ्दा’. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या जुन्या कोशात, सत्यवाचक सहा शब्दांच्या यादीत ‘अद्धा’ आहे. अमरकोश सांगतो, ‘तत्त्वे त्वद्धाञ्जसा द्वयम्’. आणि नासदीय सूक्तातली ती ओळ तर आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असते: ‘को अद्धा वेद क इह प्र वोचत्’. खरोखर, निश्चितपणे कोण जाणतो, इथे कोण सांगेल? सृष्टी कुठून आली याबद्दल ज्या शब्दाने आपल्याकडे प्रश्न विचारला, त्याच शब्दाच्या भावाने बाबेलचा राजा दरबाऱ्यांना बजावतो: माझा शब्द पक्का आहे, जाहीर झाला आहे, आता तो फिरणार नाही.

राजा काही विसरलेला नाही. या अर्थाने नववे वचन वाचले की प्रसंग उलगडतो. तो म्हणतो, वेळ टळेपर्यंत माझ्यापुढे खोटेनाटे बोलायचे तुम्ही संगनमताने ठरवले आहे. तेव्हा आधी स्वप्न सांगा, म्हणजे अर्थही तुम्ही सांगू शकता हे मला कळेल. ही परीक्षा आहे. आपल्याच सल्लागारांवरचा विश्वास उडालेला सत्ताधीश इथे बोलतो आहे. त्याला पडताळता येईल असा पुरावा हवा आहे, आणि तो मिळवण्यासाठी तो माणसे मारायला तयार आहे. विसरभोळ्या राजाची गोष्ट ही चमत्काराची गोष्ट होते. संशयी राजाची गोष्ट ही सत्तेची गोष्ट आहे आणि मला ती फार खोल वाटते. दानीएल पुढे येतो तो याच भीतीच्या वातावरणात, आणि आपल्याबरोबर त्या इतर ज्ञानी लोकांचेही प्राण वाचवतो.

या शब्दाचा रोजच्या व्यवहारातला वापरही हाती आहे. इजिप्तमध्ये आस्वानजवळ नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावर पर्शियन साम्राज्याच्या चाकरीत असलेले यहुदी सैनिक राहत. त्यांचे अरामीत लिहिलेले पपायरसवरचे कागद सापडले आहेत. इ.स.पू. ४१० च्या सुमारासच्या एका अर्जात ते तक्रार करतात की ख्नुम देवाच्या पुजाऱ्यांनी किल्ल्यातली विहीर बुजवली. पुढे लिहितात: न्यायाधीशांकडून, ‘तिफ्ताये’ नावाच्या अधिकाऱ्यांकडून आणि ‘गोश्क’ म्हणजे कान देऊन ऐकणाऱ्या राजाच्या माणसांकडून ‘अझ्द’ केले गेले, तर आम्ही म्हणतो तसेच आहे हे स्वामींना कळेल. इथे अझ्द म्हणजे चौकशी, सत्य उघड करण्याची रीतसर प्रक्रिया. सूक्तातला आणि राजाज्ञेतला शब्द विहिरीच्या तक्रारअर्जात उतरलेला पाहिला की भाषा किती दूर आणि किती खाली झिरपते ते दिसते. विशेष म्हणजे त्या अर्जातले ‘तिफ्ताये’ दानीएलच्या तिसऱ्या अध्यायातल्या अधिकाऱ्यांच्या यादीतही उभे आहेत. त्याच यादीत सर्वांत आधी येतात ‘अहश्दर्पन’, म्हणजे क्षत्रप. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाच्या नावापुढे जी पदवी कोरली आहे, ती हीच.

आता मी हा शब्द मराठी वाचकांपुढे का ठेवतो आहे ते सांगतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पाली, प्राकृत, बंगाली आणि असमिया यांनाही त्याच दिवशी दिला. रंगनाथ पठारे समितीने कष्टाने मांडलेला पुरावा फळाला आला आणि तो यायलाच हवा होता. रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठही उभे राहिले आहे. त्यामुळे अभ्यासकेंद्रे, पदे, अनुदाने, कोश यांची चर्चा आता स्वप्नरंजन राहिलेली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की या सगळ्याची आखणी ‘एक भाषा, एक केंद्र, एक अभिमान’ अशी केली, तर आपण चुकीचा वाडा बांधू. अभिजात भाषेच्या प्रत्येक केंद्रात शेजारच्या प्राचीन भाषांना जागा असलीच पाहिजे. मराठी, प्राकृत आणि संस्कृतच्या बाबतीत ते शेजारी म्हणजे अवेस्ता, जुनी पर्शियन, फार्सी आणि अरामी. ही शोभेची मागणी नाही. आपले स्वतःचे शब्द कळायचे असतील तर ती गरज आहे.

अझ्दाची हकीकत नीट पाहिली तर तो शब्द उलगडण्यात आपल्याच प्रदेशाचा केवढा वाटा होता हे लक्षात येते. नेर्योसंग धवल या पारशी पंडिताने मध्ययुगात यस्नाचे, म्हणजे अवेस्तातल्या उपासनापाठाचे, संस्कृत भाषांतर करून ठेवले होते. पॅरिसमध्ये ब्युर्नुफ या फ्रेंच विद्वानाने त्या संस्कृताच्या आधाराने अवेस्ता वाचली आणि १८३३ मध्ये आपले यस्नावरचे भाष्य प्रसिद्ध केले. त्याआधी १८२० मध्ये डेन्मार्कचा भाषाशास्त्रज्ञ रास्क मुंबईत येऊन पारशांकडून हस्तलिखिते घेऊन गेला होता. बेहिस्तूनचा कडा चढून लेख उतरवणारा रॉलिन्सन १८२७ मध्ये कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या लष्करात दाखल झालेला तरुण होता, आणि त्या लेखाचा अर्थ लावताना त्याला ब्युर्नुफच्या कामाचा आधार मिळाला. संस्कृतने अवेस्ता उघडली, अवेस्ताने जुनी पर्शियन उघडली, आणि जुन्या पर्शियनने बायबलातला शब्द उघडला. साखळीतली एक कडी निखळली असती तरी नबुखद्नेस्सर आजही विसरभोळाच राहिला असता.

हे त्या काळच्या मुंबई-पुण्यातल्या लोकांना कळत होते, याचे मला फार कौतुक वाटते. मुंबई विद्यापीठातल्या विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेच्या योजनेतच संस्कृत-प्राकृत, हिब्रू आणि इतर सेमिटिक भाषा, ग्रीक-लॅटिन आणि इंग्रजी असे विषय शेजारी शेजारी मांडले होते. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची १८७७ ची गाजलेली व्याख्याने त्याच मालेतली. जर्मन विद्वान मार्टिन हाउग पुण्याच्या कॉलेजात संस्कृत शिकवत होता आणि त्याच सुमारास, १८६२ मध्ये, त्याचे पारशांच्या धर्मग्रंथांवरचे निबंध मुंबईत छापून आले. खरशेदजी रुस्तमजी कामा युरोपातून तुलनात्मक पद्धत शिकून आले आणि मुंबईत अवेस्ता शिकवू लागले. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुदी समाजातले, विद्वान डेव्हिड ससून संस्थेच्या शाळेत मुख्याध्यापक होते, मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते, आणि हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे करत होते. केडगावला पंडिता रमाबाई आयुष्याच्या उत्तरार्धात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून अख्खे बायबल मराठीत आणून १९२२ मध्ये गेल्या. संस्कृतची पंडिता दानीएलच्या मुळापर्यंत जाते, आणि तेही पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यात बसून! असे उदाहरण भारतात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

मग कुंपणे पडली. १९१६ मध्ये मुंबईत कामांच्या नावाने प्राच्यविद्या संस्था उभी राहिली, १९१७ मध्ये पुण्यात भांडारकरांच्या नावाने. दोन्ही संस्थांचे काम थोर आहे. पण इराणी ती मुंबईची आणि पारशांची, संस्कृत ती पुण्याची, हिब्रू ती सिनेगॉगची, बायबल ते मिशनचे अशी वाटणी समाजाने मनोमन करून टाकली. आज संस्कृतमध्ये पदव्युत्तर पदवी घेणारा विद्यार्थी अवेस्ताचे एक पान न वाचता बाहेर पडू शकतो. नासदीय सूक्तावर तासभर बोलणाऱ्या वक्त्याला ‘अद्धा’चा इराणी भाऊ ठाऊक नसतो आणि दानीएलवर प्रवचन देणाऱ्या मराठी पाळकाला त्याचा वैदिक भाऊ ठाऊक नसतो. दोघेही एकाच गावात राहत असतात.

अरामी परकी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत जावे. तिथे इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी यात्रेकरूंनी पहलवी, म्हणजे मधल्या काळातल्या पर्शियनच्या, लिपीत आपली नावे कोरली आहेत. पहलवी लिपी अरामीतून निघाली. पहलवी लिहिणारे कित्येक शब्द अरामीत लिहीत आणि वाचताना इराणी उच्चार करत. लिहायचे ‘मल्का’ आणि वाचायचे ‘शाह’. कोकणातल्या बेने इस्रायलांच्या घरी वल्हांडण या यहुदी सणाच्या रात्री ‘हा लहमा अन्या’ म्हणतात, ते वाक्य अरामी आहे. १८७४ मध्ये पुण्यात मराठीसह छापलेल्या हगादात, म्हणजे त्या रात्रीच्या पाठपुस्तकात, ते आहे. मृतांच्या स्मरणार्थ म्हटली जाणारी कद्दिश ही प्रार्थनाही जवळजवळ सगळी अरामीत आहे. अशोकाने कंदाहारला ग्रीकबरोबर अरामीतही लेख कोरला आणि त्यात स्वतःचे प्रियदर्शी हे नाव अरामी अक्षरांत लिहवले. एज्राच्या पुस्तकातला खजिन्यासाठीचा ‘गिन्झय्या’, राजतरंगिणीतला खजिन्याच्या अर्थाचा ‘गञ्ज’ आणि पुण्याची गंज पेठ हे एकाच कुळातले आहेत.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मोडीतले कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात ढिगांनी पडून आहेत, ते वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत, आणि तुम्ही अरामीची पदे मागता? प्रश्न रास्त आहे. पदे आणि पैसा मर्यादित असतील तर मोडीचा पहिला हक्क मला मान्य आहे. पण मोडी वाचायला बसले की काय दिसते? सनद, फर्मान, महजर, तनखा. पत्राच्या तारखेत सुहूर सन असतो आणि त्यात आकडे अरबीत असतात: इसन्ने, सलास, आर्बा, खमस. मोडी अक्षरे लागली तरी अरबी-फार्सीचे अंग नसेल तर कागद निम्माच लागतो. पेशव्यांच्या पत्रातला ‘आर्बा’ म्हणजे चार. दानीएलच्या सातव्या अध्यायात समुद्रातून वर येणाऱ्या चार श्वापदांसाठी अरामीत जो आकडा आहे तोही ‘अर्बा’च. राजवाडे मराठीचा अभ्यास करताना फार्सीकडे वळले ते याच गरजेपोटी. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश दिला तो काही हौस म्हणून नव्हे. तेव्हा मोडीचा आक्षेप माझ्या मागणीच्या विरुद्ध जात नाही; तो तिलाच बळ देतो.

दुसरा धोका आमच्याच बाजूच्या लोकांकडून आहे आणि त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. ‘बायबलमध्ये संस्कृत शब्द सापडला’ असा मथळा उद्या कोणी देईल आणि तो हजारो लोक एकमेकांना पाठवतील. हे खोटे आहे. दानीएलमधला शब्द संस्कृतमधून गेलेला नाही. तो इराणीतून अरामीत गेला. संस्कृत आणि इराणी यांचा पूर्वज एक, म्हणून ‘अद्धा’ आणि ‘अझ्दा’ भाऊ. भावाला बाप म्हणणे ही अभ्यासाची विटंबना आहे. प्राचीनतेची स्पर्धा लावण्यासाठी शेजारच्या भाषा शिकायच्या असतील तर न शिकलेल्या बऱ्या. उलट नीट शिकल्या तर त्या हा रोग बरा करतात. ध्वनिनियम एकदा हातात आला की कानाला सारखा लागणारा प्रत्येक शब्द ‘आपलाच’ म्हणण्याची खोड जाते.

काही श्रद्धाळू ख्रिस्ती वाचकांना शतकानुशतकांचा अर्थ बदलल्याने अस्वस्थ वाटते, हेही मी पाहिले आहे. शिवाय नबुखद्नेस्सर इ.स.पू. ५६२ मध्ये वारला आणि पर्शियनांनी बाबेल घेतले ते ५३९ मध्ये. मग त्याच्या तोंडी पर्शियन शब्द कसा, हा प्रश्न पुस्तकाच्या रचनाकाळापर्यंत जातो. त्या प्रश्नाला घाबरण्याचे कारण नाही. ‘माझा शब्द पक्का आहे’ असा अर्थ १९१७ च्या यहुदी इंग्रजी भाषांतराने आणि १९५२ च्या प्रमाणित इंग्रजी आवृत्तीने कधीच स्वीकारला आहे, आणि त्या आवृत्त्या वाचून कोणाचा विश्वास मोडला नाही. मराठी आवृत्त्यांनी अशा दुर्मिळ शब्दांखाली दोन ओळींची टीप द्यावी, शब्द कुठला, आधी काय समजले गेले आणि आता काय समजले जाते. वाचकावर विश्वास ठेवणारा ग्रंथ वाचकाला जास्त जवळचा होतो.

मागणी मोठी नाही. केरळात कोट्टायमला सेंट एफ्रेम संस्था १९८५ पासून सिरियाक, म्हणजे अरामीचीच एक शाखा, शिकवते आहे. तिथून शिक्षक बोलावता येतील किंवा इथले दोन-तीन विद्यार्थी तिकडे पाठवता येतील. अवेस्ता आणि पहलवीची परंपरा मुंबईत आहे. रिद्धपूरला आणि पुण्यात मिळून एक जुनी इराणी आणि एक अरामी अशी दोन पदे मंजूर करावीत, आणि संस्कृत, प्राकृत व मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यांतला एक विषय एका सत्रासाठी सक्तीचा करावा. पहिल्या सत्राचा मजकूर आजच सांगता येतो: बेहिस्तून लेखातला बर्दियाचा परिच्छेद, एलेफंटाइनचा विहिरीचा अर्ज, दानीएलच्या दुसऱ्या अध्यायातली चौथ्यापासून नवव्यापर्यंतची वचने, आणि ऋग्वेदातल्या त्या दोन ऋचा, तिसऱ्या मंडलातली आणि दहाव्या मंडलातली, ज्या ‘को अद्धा वेद’ने सुरू होतात. सगळे मिळून चार-पाच पाने भरतील. ती चार-पाच पाने शब्द न शब्द लावून वाचायला मात्र पूर्ण सत्र लागेल, आणि ते सत्र येत्या जूनपासून सुरू करायला नव्या इमारतीची वाट पाहावी लागत नाही.